भोकाचा पैसा

बदलापूर गावातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा माझ्या थोरल्या भावानं एकच गोष्ट मागितली. दादा आता उल्हासनगरला असतो, ऐंशी ओलांडलेला. म्हणाला, "अरे, अंगणात वृंदावनापाशी माझा भोकाचा पैसा पडलाय. बघ सापडला तर."

१९४३ ते १९४७ या काळात ब्राँझचा, मधे भोक असलेला पैसा पाडला जाई. युद्धामुळे धातूची टंचाई होती. रुपयाला असे ६४ पैसे. आजीनं त्यातला एक दादाच्या करगोट्यात ओवला होता. त्याच युद्धकाळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं.

आधी मी चुंबक फिरवून पाहिलं. खिळे आले, पैसा येईना. येणारही नव्हता. चुंबक आपली अलीकडची स्टीलची नाणी ओढतं. ब्राँझ, तांबं, चांदी नाही. मग भाच्यानं मेटल डिटेक्टर आणला.

विकत घेताना मोठं, महागडं यंत्र हवं, असं वाटतं. पण हरवलेलं सुटं नाणं बहुधा वीतभर खोलीच्या आतच असतं आणि तेवढं तर साधं यंत्रही शोधतं. वजन मात्र जरूर पाहावं. किलो-सव्वा किलोच्या वर गेलं, की अर्ध्या तासात माझ्यासारख्याचा खांदा बोलू लागतो. दांडी उंचीप्रमाणे कमी-जास्त होणारी हवी, तबकडी पाण्यात भिजली तरी चालणारी हवी आणि 'जमिनीचा तोल' साधायची सोय हवी. आपला दगड बेसाल्टचा, त्याच्या मातीत लोहाचे कण. तोल साधला नाही तर यंत्र मातीलाच धातू समजून ओरडत राहतं.

तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. धातूत त्यामुळे बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांची चाहूल तबकडीला लागते. म्हणून ती जमिनीलगत, सपाट आणि सावकाश फिरवावी. केर काढल्यासारखी नव्हे. लोखंड गाळायचं बटण असतं, ते पूर्ण फिरवू नये. खिळ्यांबरोबर स्टीलची नाणीही गाळली जाण्याचा संभव असतो.

दोन दिवसांत आम्हाला सोडावॉटरची झाकणं, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, एक बिजागरी आणि २०११ पासून चलनातून गेलेली चार आणे-आठवी नव्हे, पंचवीस पैशांची दोन नाणी मिळाली. तिसऱ्या दिवशी वृंदावनाच्या उगवतीला स्वच्छ, एकसारखा आवाज आला. खुरप्यानं मातीचा गड्डा अलगद उचलला. हिरवट पडलेली चकती, मधे भोक. १९४४.

बातमी आळीत पसरली. एक तरुण म्हणाला, "काका, आता यंत्र घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ जाऊ." मी साफ नाही म्हटलं. ते मंदिर इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं, आणि संरक्षित स्मारक आहे. तिथे परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. आणि १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. कायदा बाजूला ठेवा. जुनं नाणं कोणत्या थरात, कशाशेजारी होतं यावरून अभ्यासक काळ ठरवतात. खड्ड्यातून ते खिशात गेलं, की त्याची साक्ष संपली.

आपल्या अंगणात, मालकाच्या संमतीनं, आपलं हरवलेलं शोधावं आणि खड्डा बुजवून उठावं. या यंत्राचा उपयोग एवढाच, पण तो थोडा नाही.

पैसा दादाच्या हातावर ठेवला. तोच होता की दुसऱ्या कुणाचा, कसं सांगणार? त्यानं करंगळीचं टोक भोकात घालून पाहिलं आणि सुनेला हाक मारली, "अगं, जरा काळा दोरा आण."