नव्या वकिलाची पहिली वर्षे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



धम्मावर बोलणारे विद्वान वक्ते आज आहेतच. आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता वकील होऊ लागली आहेत. काळा कोट घालून पोरगी कोर्टात निघाली की आईचा ऊर भरून येतो. पण दोन वर्षं झाली की त्याच घरात कुरबुर सुरू होते. "एवढं शिकली, मग पैसा कुठाय?" हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. म्हणून नव्या वकिलाचं काम काय असतं, ते आधी समजून घेऊ.

बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद, आणि त्यावर अखिल भारतीय बार परीक्षा. एवढं झालं तरी पक्षकार दारात येत नाही. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून राहावं लागतं. सकाळी बोर्डावर आपली केस कितव्या नंबरला आहे ते बघायचं, पुकारा झाला की उभं राहायचं, साहेब दुसऱ्या कोर्टात असतील तर तारीख मागायची. नकलेचे अर्ज करायचे, वकीलपत्र दाखल करायचं. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते, त्याचा हिशेब ठेवायचा. संध्याकाळी ऑफिसात बसून जुने निवाडे शोधायचे. उलटतपासणी कशी घेतात हे मागच्या बाकावर बसून ऐकायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा नुसता हेलपाटे घालतोय. पण हेच त्याचं शिक्षण आहे.

याचा मोबदला? २०२४ साली भारतीय बार कौन्सिलने ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. कुणाला मिळतात, कुणाला गाडीभाड्यापुरतेच मिळतात. ज्याच्या बापाचं, आजाचं ऑफिस आहे, त्याला ही वर्षे जड जात नाहीत. आपल्या घरातली ही पहिलीच पिढी. तिच्यामागे ऑफिस नाही, ओळखीचा पक्षकार नाही.

बंधूंनो, हा अनुभव नवा नाही. खुद्द बाबासाहेबांनी तो घेतला आहे. १९२३ साली ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तेव्हा सनद काढायलाही हातात पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. हायकोर्टात बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडून मिळायचं, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग बाबासाहेब तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टांत उभे राहिले. घर चालावं म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या असलेल्या माणसाची ही सुरुवात! त्यांचं नाव झालं ते १९२६ साली. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली होती. पुण्याला झालेल्या अपिलात बाबासाहेबांनी त्यांना सोडवलं.

आता महाडचंच बघा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, हे आपलं लहान पोरही सांगेल. पण त्यानंतर जी कोर्टाची लढाई झाली ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला, तोही बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम आला. डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसं जमली होती, सत्याग्रहाला आतुर होती. तरीही बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मानून सत्याग्रह थांबवला आणि कागद हाती घेतले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. १९३१ ला महाडचा निकाल आपल्या बाजूने लागला, १९३३ ला ठाण्याचं अपीलही आपण जिंकलो, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला. आमची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असं सवर्णांचं म्हणणं होतं. ते त्यांना पुराव्याने शाबीत करता आलं नाही.

पाण्याला हात लावायला एक क्षण लागला. तो हक्क कोर्टात टिकवायला नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. तारखा, जबान्या, नकला, अपिलं यांतून तो टिकला. आज आपली पोरं जे हेलपाटे घालतात, ते त्याच वाटेवरचे आहेत.

मग आपण काय करायचं? पहिली तीन-चार वर्षे घराने कळ काढावी. लग्नाच्या मांडवाचा खर्च थोडा कमी करून मुलीला कायद्याची पुस्तकं घेऊन द्यावीत. विहाराच्या ग्रंथालयात एक कपाट कायद्याचं असावं. रविवारी इथेच आपल्या नव्या वकिलांनी बसावं आणि वस्तीच्या लोकांनी आपले कागद दाखवावेत. नोटीस आली की ती उशाखाली ठेवू नका, मुदत निघून जाते. वकील लावायची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. १९९० पासून अनुसूचित जातीत बौद्धांचाही समावेश आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. जातीचा दाखला जवळ ठेवा.

आणि तरुण वकिलांनो, तुम्हालाही एक सांगणं आहे. वस्तीचा माणूस दोनशे रुपये घेऊन आला तरी त्याचा कागद पूर्ण वाचा. निकाल तुमच्या हाती नाही, तयारी मात्र तुमच्याच हाती आहे.