ताळ्याचा आकडा

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षांच्या वाचनालयाने मराठीच्या अध्यापकाला बोलावयास बोलाविले, म्हणजे तो एखाद्या संतकवीवर किंवा कादंबरीवर बोलणार, अशी श्रोत्यांची साहजिक अपेक्षा असते. मी आज जुन्या संगणक-मासिकांत छापल्या जाणाऱ्या आज्ञावलींविषयी आणि त्या उतरवून घेताना होणाऱ्या चुका पकडण्याच्या युक्तीविषयी बोलणार आहे. विषय कळविला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले होते. त्यांना मी एवढेच म्हणालो की, हा विषय मुळात नकलेचा आहे. आणि नक्कल कशी टिकते व कशी बिघडते, ही चिंता ग्रंथालयाइतकी दुसऱ्या कोणाला असणार?

ऐंशीच्या दशकात संगणक प्रथमच घरांत शिरू लागला. त्या काळी आजच्यासारखे महाजाल घरोघरी नव्हते. संगणकाला काम सांगणारी आज्ञावली विकत घ्यावी, नाही तर मासिकात छापलेली पाहून स्वतः टंकित करावी. इंग्लंड-अमेरिकेतील मासिकांत पानेच्या पाने अशा आज्ञावली छापून येत. वाचकाने त्या ओळीमागून ओळ कळफलकावर उतरवायच्या, कॅसेटवर साठवायच्या आणि मग चालवून पाहायच्या. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेला स्पेक्ट्रम हा अशा संगणकांपैकी एक. दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. दूरदर्शन संच हाच त्याचा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हेच त्याचे कपाट.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे गेलो असता हे यंत्र मी प्रथम पाहिले. मामेभाऊ कळफलकावर बसे आणि मी मासिक हातात धरून वाचून दाखवी. स्पेक्ट्रम मोठा व्याकरणदक्ष होता. ओळ पुरी करून कळ दाबली की तो तिची रचना तपासी, आणि रचना चुकली असेल तर ओळ स्वीकारण्याऐवजी लुकलुकते प्रश्नचिन्ह दाखवी. आम्हांला वाटे, असा शास्त्री समोर बसलेला असता चूक होईलच कशी? परंतु आज्ञावलीच्या शेवटी नुसत्या संख्यांच्या ओळी असत. तेथे ६३ च्या जागी ३६ पडले तरी रचना शुद्धच राही. शास्त्रीबोवा मान डोलावीत आणि ओळ आत जाई. मग आज्ञावली चालू केली की पडदा गोठून बसे. यंत्र बंद करून पुन्हा लावण्याखेरीज उपाय नसे, आणि आधी कॅसेटवर साठवून ठेवले नसेल तर दुपारभराची मेहनत पाण्यात जाई.

आमच्या चुका कोणत्या प्रकारच्या होत, हे मला भाषेचा अध्यापक झाल्यावर उमगले. मी आकडे मराठीत वाची. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात आणि साठ मागून. मामेभाऊ इंग्रजी शाळेतला. त्याची बोटे कानांच्या क्रमाने चालत. त्रेसष्टचे छत्तीस होई, सत्तावीसचे बहात्तर होई. ‘एकोणसाठ’ म्हटले की त्याला साठ ऐकू येत आणि तो ६९ लिहून मोकळा होई. चूक माझीही नव्हती आणि त्याचीही नव्हती. ती दोन भाषांच्या सांध्यात होती. आपल्या बुऱ्हाणपुरात, जेथे घरात मराठी आणि बाजारात हिंदी चालते, तेथे असे सांधे पदोपदी आहेत.

तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते की अमेरिकेत या दुखण्यावर औषध निघालेले होते. ‘कम्प्यूट्स गॅझेट’ या मासिकाने ऑक्टोबर १९८३ मध्ये कमोडोर संगणकांसाठी चार्ल्स ब्रॅनन यांची ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’, म्हणजे आपोआप मुद्रिते तपासणारी एक छोटी आज्ञावली छापली. तिची कल्पना साधी होती. संगणकात प्रत्येक अक्षराला व अंकचिन्हाला एक ठरावीक संख्या असते. ओळीतील सर्व चिन्हांच्या संख्यांची बेरीज करून तिच्यापासून ० ते २५५ मधला एक आकडा काढायचा आणि तो मासिकात त्या ओळीच्या शेवटी छापायचा. वाचकाने ओळ टंकित केली की त्याचा संगणक तीच बेरीज करून आपला आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवी. दोन्ही आकडे जुळले तर पुढे जायचे. न जुळले तर त्याच ओळीत चूक आहे. शेकडो ओळींत हुडकत बसण्याची गरज उरली नाही.

आपल्या शाळांत जुने गुरुजी गुणाकार झाल्यावर ‘ताळा पाहा’ म्हणत. संख्येतील अंकांची बेरीज करीत एका अंकावर यायचे आणि नवाच्या ताळ्याने उत्तर पडताळायचे. मासिकाचा हा आकडा म्हणजे ताळाच. आणि आपल्या ताळ्यातली उणीव त्यातही होती. ६३ लिहा की ३६, अंकांची बेरीज नऊच. संगणकात ६ या चिन्हाची संख्या ५४ आणि ३ ची ५१. कोणतेही आधी लिहिले तरी बेरीज १०५. अदलाबदलीची चूक या ताळ्याच्या डोळ्यांदेखत निसटून जाई. फेब्रुवारी १९८६ मध्ये फिलिप नेल्सन यांनी सुधारलेली आवृत्ती दिली, तिच्यात प्रत्येक चिन्हाच्या स्थानालाही किंमत आली. पहिल्या चिन्हाला एकाने, दुसऱ्याला दोहोंनी गुणायचे असे धरा. आता ६३ चे ५४ आणि १०२ मिळून १५६ होतात, आणि ३६ चे ५१ आणि १०८ मिळून १५९. क्रम बिघडला की आकडा बिघडतो. माझ्या त्रेसष्टवर हाच उतारा होता.

याच प्रकाशकांची ‘एमएलएक्स’ नावाची दुसरी आज्ञावली डिसेंबर १९८३ पासून निघाली. ती नुसत्या संख्यांच्या ओळींसाठी होती. ओळीत सहा संख्या आणि सातवी ताळ्याची. ताळा जुळला नाही तर ती घरघर आवाज करून ओळ नाकारी व पुन्हा लिहावयास लावी. पहिली युक्ती केवळ आकडा दाखवी आणि पडताळणे वाचकावर सोडी. कंटाळलेला वाचक न पाहताच पुढे गेला, तर ताळा असून नसून सारखाच. दुसरीत थांबणे सक्तीचे होते. आणखी एक गंमत म्हणजे ही तपासनीस आज्ञावलीसुद्धा वाचकाला आधी हातानेच टंकित करावी लागे, आणि तिची तपासणी करावयास तेव्हा कोणी नसे. म्हणून तिच्यातील संख्यांची बेरीज ती स्वतःच पडताळून पाही.

तरीही एक गोष्ट ताळ्याच्या आवाक्याबाहेर राहिली. मूळ आज्ञावलीतच दोष असेल, तर ताळाही त्या दोषासकट निघे. वाचकाने दोष हुबेहूब उतरविला की आकडे बिनबोभाट जुळत. त्यासाठी ‘कम्प्यूट!’ मासिकात पुढील अंकांतून दुरुस्त्यांचे सदर असे. आपल्या जुन्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र असते तसेच ते. नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही, एवढेच ताळा सांगतो. मूळ बरोबर आहे की नाही, हे जाणत्या माणसालाच ठरवावे लागते.

मंडळी, हे सारे आपल्याला परके नाही. वेदपाठकांनी क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द उलटसुलट क्रमाने गुंफले. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा असा क्रम चालतो. एखादा शब्द सुटला किंवा जागा चुकला तर पुढच्याच फेऱ्यात तो अडखळतो. स्थानाला किंमत देण्याचीच ही रीत. हस्तलिखितांत बत्तीस अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरून एकूण संख्या शेवटी नोंदवीत. लेखकूची मजुरीही त्यावर ठरे. पण मोजणीचा ताळा गळती पकडतो, शब्द पालटलेला पकडत नाही. एक ओवी गळली आणि एक नवी घुसली, तर संख्या कायमच राहील.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत नेमकी हीच अडचण होती. शके १२१२ मध्ये सांगितलेला ग्रंथ तीनशे वर्षांत हातोहात उतरविला गेला. पाठ बदलले, पदरच्या ओव्या शिरल्या. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी पाठशुद्धीचे काम हाती घेतले आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असा कडक इशाराही शेवटी दिला. त्यांच्यापाशी ताळ्याचा आकडा नव्हता. त्यांच्यापाशी पाठ जोखण्याची दृष्टी होती आणि मुळाविषयीची निष्ठा होती.

आज आपल्या कपाटातील कोणतेही अलीकडचे पुस्तक पाठमोरे करून पाहा. तेथे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक छापलेला असतो. त्याचा शेवटचा अंक ताळ्याचा आहे. जुन्या दहा अंकी क्रमांकात पहिल्या अंकाला दहाने, दुसऱ्याला नवाने असे उतरत शेवटच्याला एकाने गुणून बेरीज केली की तिला अकराने निःशेष भाग जातो. ताळा दहा आला तर एका घरात दोन अंक मावत नाहीत, म्हणून तेथे रोमन दहाची खूण, एक्स, येते. २००७ पासून तेरा अंकी क्रमांक आला. त्यात आळीपाळीने एक व तीन यांनी गुणतात आणि बेरजेला दहाने भाग जावा लागतो. हा ताळा जुन्याहून थोडा ढिला आहे. शेजारच्या दोन अंकांत पाचाचे अंतर असेल आणि त्यांची अदलाबदल झाली, तर ती त्याला कळत नाही. सत्तावीसचे बहात्तर झाले तर तो गप्प बसेल! म्हणून नोंद करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, क्रमांक वाचून दाखविताना ‘सत्तावीस’ म्हणू नका. ‘दोन, सात’ असे सुटे अंक म्हणा.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी बी. ए. च्या वर्गासाठी एक दुर्मिळ झालेली जुनी कविता मी टंकित करवून घेतली. प्रचलित इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत; शिफ्ट दाबली तर ळ, न दाबली तर ल. हिंदी टंकनाची सवय असलेल्या हाताकडून ती शिफ्ट सहज राहून जाते. काळचे काल होते, मळाचे मला होते. संगणकातील शुद्धलेखन-तपासणीला यात वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. स्पेक्ट्रमच्या शास्त्रीबोवांसारखी तीही मान डोलावते. माझ्या कवितेत ‘वेळ’चे ‘वेल’ झाले. मी मुद्रित वाचले आणि मलाही ते खटकले नाही. मी वर्गात त्या वेलीच्या प्रतिमेवर बोललो. एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत वेलीवर पानभर सुंदर विवेचन केले आणि मी तिला चांगले गुण दिले. पुढे याच वाचनालयातील पिवळी पडलेली प्रत सहज हाती आली तेव्हा कळले की कवीने वेल लावलीच नव्हती. तो सरत्या वेळेविषयी बोलत होता. त्या मुलीची मी क्षमा मागितली. तोवर त्या टंकित प्रतीच्या नकला किती हातांत गेल्या होत्या, याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

ती पिवळी प्रत नसती तर माझी चूक हाच पुढे पाठ झाला असता. म्हणून हा सारा प्रपंच. आपल्या वाचनालयात दाखल नोंदवही संगणकावर घेण्याचे आणि दुर्मिळ पुस्तके पुन्हा टंकित करण्याचे घाटत आहे. मी त्याचे स्वागत करतो. मात्र काही पथ्ये पाळावीत. नोंदवहीच्या ज्या पानांच्या तळाशी किमतींची बेरीज मांडलेली आहे, तेथे संगणकातील बेरीज तिच्याशी जुळल्याखेरीज पुढचे पान घेऊ नये. दुर्मिळ मजकूर दोघांनी एकमेकांचे न पाहता टंकित करावा आणि दोन्ही प्रती यंत्राने ताडून पाहाव्यात. दोघांची चूक एकाच जागी होण्याचा संभव कमी. पण दोघांचीही सवय एकच असेल तर तीही होईल, म्हणून त्यांपैकी एक जण तरी घरात मराठी बोलणारा असावा. छायाप्रतींच्या प्रत्येक संचिकेचा ताळा काढून वेगळा नोंदवावा, म्हणजे एका तबकडीवरून दुसरीवर जाताना काही बिघडले तर ध्यानात येईल.

आणि हे सर्व झाल्यावरही मूळ प्रत रद्दीत काढू नये. जागा अपुरी आहे, वाळवी आहे, पावसाळ्यात भिंती ओलावतात, हे मी जाणतो. तरीही पुढल्या शंभर वर्षांत कोणी अध्यापक वेलीवर बोलू लागला, तर त्याला थांबविणारी ती एकच वस्तू असेल.