चार अगती आणि आपली नोकरी

(वर्षावासातील प्रवचनमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'नोकरीतील नीती'. विषय ऐकून प्रथम वाटलं, यात बोलायचं ते काय? पंचशील आपण रोज घेतो. चोरी करू नये, खोटं बोलू नये, नशापाणी करू नये, झाली नीती. पण ज्यांनी तीस-तीस, पस्तीस-पस्तीस वर्षे कारखान्यात, रेल्वेत, महापालिकेत नोकऱ्या केल्या त्यांना विचारा. कामावर माणूस चोरी करू की नको, या पेचात क्वचितच पडतो. तिथले पेच निराळे. रविवारच्या ओव्हरटाइमला कोणाचं नाव लिहायचं? साहेब म्हणतात म्हणून या कागदावर सही करायची का? शेजारच्या टेबलावरच्या माणसावर अन्याय होतोय, आपण तोंड उघडायचं की खाली मान घालून काम करायचं?

अशा पेचांसाठी तथागतांनी गृहस्थांना एक मोजमाप देऊन ठेवलं आहे. ते सिगालोवाद सुत्तात आहे. राजगृहात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत होता, ही गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ आहे. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, वगैरे. पण दिशांच्या आधी तथागतांनी सिगालाला जे सांगितलं, ते आपण घाईघाईने ओलांडून जातो. माणूस वाईट कर्म करतो ते चार वाटांनी जाऊन करतो, असं ते सांगणं. छंदागति, दोसागति, मोहागति आणि भयागति. अगती म्हणजे जाऊ नये ती वाट. या वाटांनी जाणाऱ्याचं नाव वद्य पक्षातल्या चंद्रासारखं कमी होत जातं, असंही तिथे म्हटलं आहे. चंद्र एका रात्रीत नाहीसा होत नाही. कामावरचा विश्वासही एका दिवसात जात नाही, रोज थोडा थोडा जातो.

शब्दांची एक गडबड आधी निस्तरू. मराठीत छंद म्हणजे पतंग उडवण्याचा, गाण्याचा. पालीतला हा छंद म्हणजे आपल्या माणसाकडे, आपल्या आवडीकडे ओढ. दोस म्हणजे द्वेष. मोह म्हणजे पैशाचा मोह नव्हे, तर अजाणपण, न बघता न समजता करणं. भय म्हणजे भयच. त्याचा अर्थ आपल्याला कोणी सांगायला नको.

आता आपल्या इतिहासाकडे बघा. 1917 साली बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत गेले. परदेशातून शिकून आलेला हा अधिकारी, आणि कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. का? तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढून काढावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. जास्त पगार नेमका त्याच खात्यात. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. पुढे 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपला माणूस रेल्वेत गँगमन होतो, पण साधा पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, हे बाबासाहेबांनी तिथे दाखवून दिलं. कारण पोर्टरला स्टेशनमास्तर आपल्या घरच्या कामाला वापरीत असे, आणि अस्पृश्य घरात कसा चालेल?

ही उदाहरणं आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो, रागावतो आणि घरी जातो. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. विणकाम खात्यात अस्पृश्य घेऊ नये, असा कोणता कायदा नव्हता. प्रत्येक वेळी कोणीतरी एक माणूस नाव लिहीत होता किंवा लिहीत नव्हता. कोणी जॉबर, कोणी मुकादम, कोणी स्टेशनमास्तर. त्यातला एखादा मनाने दुष्ट नसेलही. आपण याला घेतलं तर बाकीचे काम टाकून उठतील, असं त्याला वाटत असेल. म्हणजे भयागति. एखादा म्हणत असेल, हे पहिल्यापासून असंच चालत आलं. म्हणजे मोहागति. आपल्या पिढ्यांची भाकर अशा लहान लहान निर्णयांनी हिरावली.

आणि आज, उपासकांनो, ती लेखणी काही ठिकाणी आपल्या हातात आली आहे. आपल्या वस्तीतून फोरमन झाले, हेडक्लार्क झाले, मुख्याध्यापिका झाल्या, बँकेत मॅनेजर झाले. तेव्हा आता हा विषय आपल्यावर येतो.

आमच्या माहितीतले एक फोरमन होते. कारखान्याचं नाव कशाला घ्या. त्यांच्या खात्यात रविवारी ओव्हरटाइम चाले, मजुरी दुप्पट. ते फोरमन झाल्या झाल्या रात्री नऊनंतर त्यांच्या दारात चपलांची रांग लागली. "भाऊ, आता आपला माणूस खुर्चीवर बसला, आमच्या पोराचं नाव टाका की." वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या पोरांची नावं लागत होती, ही गोष्ट खरीच होती. त्यामुळे मागणाऱ्याला आपण काही वावगं मागतोय असं वाटतच नव्हतं. फोरमनभाऊंनी काय केलं? खात्यातल्या सगळ्यांची नावं सेवाज्येष्ठतेने लिहिली, पाळीचा तक्ता केला आणि नोटीस बोर्डावर लावला. ज्याची पाळी तो येईल; त्याला नको असेल तर तो सही करील आणि पुढच्याला मिळेल. स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याची पाळी सातव्या आठवड्यात आली.

वस्तीत काय बोलणं झालं ते आम्ही ऐकलं आहे. "साहेब झाला, समाजाला विसरला." त्या वर्षी जयंतीच्या वर्गणीला त्यांच्या घरी कोणी गेलं नाही. ते स्वतः येऊन देऊन गेले. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि जे साहेब आले त्यांनी पहिल्याच महिन्यात आपल्या चार पोरांची नावं गाळायला घेतली. तेव्हा खात्यातले सगळे कामगार, मराठा, आगरी, मुसलमान, उत्तर भारतीय, बोर्डापुढे उभे राहिले. तक्ता मोडायचा नाही म्हणाले. तो तक्ता त्यांचाही होता ना! फोरमनभाऊंनी नावं आपल्या मर्जीने लावली असती, तर नव्या साहेबांनी ती आपल्या मर्जीने काढली असती आणि कोणी हूं की चूं केलं नसतं.

याच्या उलट बाजूचा एक आजार आहे आणि तो आपल्या शिकलेल्या वर्गात जास्त आहे. अधिकारी आपला, पण 'हा जातीवाल्यांना सांभाळतो' असं कोणी म्हणू नये म्हणून आपल्याच माणसावर जास्त कडक. रजा इतरांना मंजूर, आपल्याला नामंजूर. गोपनीय अहवालात इतरांना 'अत्युत्तम' आणि आपल्या माणसाला, काम तेवढंच असताना, 'चांगला'. हे साहेब स्वतःला निःपक्षपाती समजतात. आम्ही म्हणतो ही भयागति आहे, नुसता निःपक्षपातीपणाचा कोट घातलेली. आणि 'चांगला' हा शब्द दिसतो तितका चांगला नसतो. सीमा रस्ते विभागातील देव दत्त या अभियंत्यांची बढती अशाच एका 'चांगला' शेऱ्याने अडली होती, कारण बढतीला 'अत्युत्तम' लागत होता. शेरा त्यांना कळवलाही नव्हता. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. 2009 पासून केंद्र सरकारच्या खात्यांत पूर्ण अहवाल दाखवण्याची पद्धत आली. ज्यांना आपला अहवाल बघायला मिळतो, त्यांनी तो नीट वाचावा. आणि जे लिहितात, त्यांनी त्या माणसाच्या समोर बसून जे सांगता येईल तेवढंच लिहावं.

द्वेषाबद्दल थोडंच बोलतो. "त्यांनी आपल्याला छळलं, आता आपली पाळी" हे वाक्य आम्ही चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. ते का येतं हे कळतं. पण मनमाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, तेव्हा खुलासाही केला. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणं म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सगळ्याच वर्गांत पसरली आहे. सगळ्या वर्गांत म्हणजे आपणही आलोच.

मोहागतिचं म्हणाल तर ती सहीत राहते. 'माल मोजून घेतला' या ओळीखाली न मोजता सही. हजेरीपटावर गैरहजर माणसाची हजेरी, कारण सगळेच करतात. चौकशी लागली की साहेबांचं तोंडी सांगणं कुठे सापडत नाही, सही मात्र सापडते. इतकं पुरे.

खरी अडचण भयाची आहे. आपल्याकडे एका नोकरीवर किती माणसं उभी असतात! आईवडिलांचं औषध, बहिणीचं लग्न, पतपेढीचा हप्ता, पोरांची फी. नोकरी गेली तर मागे शेती नाही, वाडा नाही. अशा माणसाला 'निर्भय व्हा' असं स्टेजवरून सांगणं सोपं आहे. आम्ही ते सांगणार नाही. पण भयापोटी केलेल्या निर्णयाची किंमत कोण देतो, ते बघा. गटाराच्या मेनहोलमध्ये माणूस उतरवायचा आहे. आत गॅस असू शकतो, हे जागेवरच्या सुपरवायझरला माहीत आहे. पट्टा नाही, मुखवटा नाही. फोनवरून वरचे साहेब म्हणतात, आज काम झालंच पाहिजे. उतरणारा कंत्राटी कामगार बहुतेक आपलाच, किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या समाजाचा. पुष्कळदा उभा राहून उतरवणाराही आपलाच! 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं काम करवून घेण्यास बंदी केली. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण रक्कम मिळते ती माणूस गेल्यावर. उतरण्याच्या आधीची दोन मिनिटं त्या सुपरवायझरच्या हातात असतात.

त्या दोन मिनिटांत त्याने काय करावं? एका जुन्या मुकादमांची रीत आम्हाला पटते. ते साहेबांशी वाद घालीत नसत. आवाज चढवीत नसत. नम्रपणे दोनच शब्द बोलत, "साहेब, लेखी द्या." लेखी द्यायची वेळ आली की निम्मे हुकूम जागच्या जागी विरतात. जे लेखी देतात, त्यांच्याकडे एकट्याने जाऊ नये. चौघांनी जावं, युनियनच्या माणसाला घेऊन जावं, त्यात दुसऱ्या समाजाचेही असावेत. भय एकट्याच्या छातीवर बसतं. चौघांत वाटलं की ते उचलण्याइतकं हलकं होतं. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूर खात्याचे मंत्री होते, तेव्हा त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवलं. कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला, तोही त्याच काळात, 1946 च्या दुरुस्तीने. एकेकट्या कामगाराने मालकाकडे जाऊन विनवण्या केल्या असत्या तर आला असता का?

शेवटी पाचवी दिशा, खालची. सिगालाला तथागतांनी सांगितलं की खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामकरी. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांचा विनय सांगताना मालक आणि नोकर यांच्यासाठी वेगळा भाग ठेवला. मालकाकडे पाच कामं दिली आहेत. नोकराच्या ताकदीप्रमाणे काम सांगावं. जेवण आणि वेतन द्यावं. आजारपणात बघावं. घरात काही विशेष गोडधोड झालं तर त्यात वाटा द्यावा. वेळेवर सुट्टी द्यावी. आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठले मालक? भगिनींनो, आपल्या वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या पुष्कळ घरांत आज धुण्याभांड्याला बाई येते. ती तापाने दोन दिवस आली नाही, तर तिचे पैसे कापले जातात का? तिच्या चहाचा कप वेगळा, मोरीच्या फळीवर पालथा ठेवलेला असतो का? बुद्ध पौर्णिमेची खीर तिला त्याच दिवशी मिळते, की दुसऱ्या दिवशी उरलेली? ही चौकशी आम्ही कोणाच्या घरात शिरून करीत नाही. ज्याची त्याने करावी.

मात्र विहार समितीला एक विचारायचं आहे, आणि अध्यक्ष साहेब रागावणार नाहीत, इतका आमचा त्यांच्यावर विश्वास आहे. या विहाराची झाडलोट ज्या ताई रोज सकाळी करतात, त्या आताही मागच्या दाराशी उभ्या आहेत. त्यांची आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते? ठरलेली नसेल तर येत्या रविवारच्या बैठकीत तो विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, आणि बैठकीला त्यांनाही बोलवावं.

जय भीम. नमो बुद्धाय.