जाळीचं दार आपल्या हातांनी

सारसोळ्याच्या आपल्या बचत गटाकडून आज आम्ही जाळीच्या दाराबद्दल बोलणार आहोत. विषय छोटा वाटेल. पण गटाच्या कर्जाची वही उघडली की पावसाळ्यातली बरीचशी कर्जं आजारपणाची निघतात. तापात आठ दिवस गेले की औषधाचा खर्च होतोच, शिवाय घरकामाचे खाडेही पडतात.

आपल्या एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला दाटीची वस्ती. घरोघरी पाण्याचे ड्रम. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस कलताना जास्त. मलेरियाचा डास अंधार पडल्यावर येतो. म्हणजे तिन्हीसांजेला एकाची पाळी संपत येते आणि दुसऱ्याची सुरू होते. नेमकी तीच लक्ष्मी यायची वेळ, तेव्हा दार लावायचं नाही असं आपल्या सासवांनी शिकवलेलं. जाळीचं दार असलं की दोन्ही साधतं. वाराही येतो, आणि मे महिन्यात तो किती लागतो ते पत्र्याखाली राहणारीला विचारा!

जाळीचा खरंच उपयोग होतो का, असं काहीजणी विचारतात. १९०० साली इटलीत रोमजवळच्या मलेरियाच्या दलदलीत लो आणि सॅम्बन हे दोन डॉक्टर दारं-खिडक्यांना जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. दिवसा बाहेर फिरायचे, सूर्य मावळायच्या आत घरात. क्विनीन घेतलं नाही. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते, या दोघांना मलेरिया झाला नाही. पण ती जाळी धड होती. आपल्याकडे दाराची जाळी खालच्या कोपऱ्यात फाटते, कारण घरात सुकट-बोंबील असतात आणि मांजरांना वास कळतो. तिथे कापडाचा बोळा कोंबून आपण वर्ष काढतो.

दुकानात विचारलं तर बहुतेक वेळा नवीन दाराचाच भाव सांगतात. ॲल्युमिनियमची चौकट सरळ असेल तर ती बदलायची काही गरज नाही, फक्त जाळी बदला. तासाभराचं काम आहे.

जाळी चौकटीच्या खाचेत रबराच्या बारीक दोरीने दाबून बसवलेली असते. दार उतरवून जमिनीवर आडवं ठेवा. कोपऱ्यातून स्क्रू-ड्रायव्हरने रबराचं टोक उचला आणि ओढा, सगळं निघून येईल. त्याचा वीतभर तुकडा दुकानात घेऊन जा. रबराची जाडी जुळलीच पाहिजे. बारीक पडलं तर जाळी सुटते, जाड झालं तर खाचेत जातच नाही. लोखंडी जाळी घेऊ नका, खाडीची खारी हवा ती खाऊन टाकते. फायबरची घ्या, ती गंजत नाही. मांजराचा त्रास फारच असेल तर खालच्या फूटभर भागाला पातळ पत्रा लावा.

खाच जुन्या टूथब्रशने साफ करा. जाळी चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा आणि तिचे धागे चौकटीला समांतर ठेवून पसरा. वरच्या कोपऱ्यापासून रबर दाबत चला. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात लाकडी मुठीचं छोटं चाक मिळतं. कोपऱ्यात मात्र स्क्रू-ड्रायव्हरनेच दाबावं लागतं. रबर ताणून बसवू नका, पुढे ते आखडतं आणि कोपरे उघडे पडतात. जाळीही फार ओढू नका. पापडाचं पीठ लाटताना हात जसा हलका ठेवतो तसा ठेवा. जास्त ओढली तर लांब बाजूची पट्टी आत वाकते आणि दार नीट लागत नाही. शेवटी धारदार ब्लेडने रबराच्या बाहेरच्या कडेने जादा जाळी कापा, पातं चौकटीकडे झुकवून. या वेळी मुलांना लांब ठेवा. जुन्या घराचं लाकडी दार असेल तर रबर नसतं. तिथे वरची लाकडी पट्टी काढून जाळी ठोकायची आणि पट्टी पुन्हा बसवायची, एवढंच.

दार बसवलं की आतून दिवा बंद करून दुपारच्या उजेडात बघा. चौकटीच्या कडेने आणि दाराखालून उजेड दिसला तर तिथून डासही येणार. खालच्या फटीला ब्रशची पट्टी लावा. ड्रम झाकणं आणि आठवड्यातून एकदा कोरडा घासणं हे काम जाळीमुळे सुटत नाही, ते करायचंच.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणींनी आधी घरमालकाला सांगा. जाळीचे पैसे तो देईल का तेही विचारा, लाजू नका. चाक, ब्लेड आणि मोजायची टेप गटाच्या कपाटात ठेवली आहे. वहीत नाव लिहून न्या, दुसऱ्या दिवशी आणून द्या. ज्यांना एकटीने जमणार नाही असं वाटतं त्यांनी शनिवारच्या बैठकीला यावं, त्या दिवशी अंगणवाडीच्या दाराची जाळी बदलायची आहे.