सुई, बिंदू आणि वाहिन्या
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ट्रस्टच्या दवाखान्यात अ‍ॅक्युपंक्चर विभागात बसताना मला वारंवार विचारले जाते, "डॉक्टरसाहेब, दुखतो गुडघा, मग सुई हाताला का?"

चिनी वैद्यकाच्या मते 'ची' ही प्राणशक्ती बारा मुख्य वाहिन्यांतून फिरते. शरीराच्या मध्यरेषेवर पुढे एक व मागे एक, अशा आणखी दोन. या चौदा वाहिन्यांवर आज ३६१ बिंदू मानले जातात. गंमत अशी की वाहिन्या आधीच्या, बिंदू नंतरचे. चीनमधील मावांगत्वी येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली कबर १९७३ मध्ये उघडली, तेव्हा मिळालेल्या रेशमी हस्तलिखितांत अकरा वाहिन्यांचे वर्णन होते. बिंदूंची नावे नव्हती. पुढे १०२७ मध्ये राजवैद्य वांग वेयी यांनी छिद्रे असलेला मनुष्याकृती ब्राँझचा पुतळा घडविला. परंपरा सांगते की, वरून मेण लावून आत पाणी भरीत. विद्यार्थ्याची सुई अचूक बसली तरच पाणी बाहेर येई.

बिंदू फूटपट्टीने सापडत नाही. रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी म्हणजे एक 'त्सुन', जोडलेली चार बोटे म्हणजे तीन. गुडघ्याच्या वाटीखालील बाहेरच्या खळग्यापासून चार बोटे खाली, नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेर 'त्सुसानली' हा प्रसिद्ध बिंदू आहे.

आता स्पष्ट बोलतो. शवविच्छेदनात या वाहिन्या सापडलेल्या नाहीत. पाठदुखी व डोकेदुखीवरील चाचण्यांत खऱ्या आणि खोट्या बिंदूंच्या परिणामांतील फरक बहुधा लहानच दिसला. मनगटाच्या आतील 'नेइग्वान' बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग मात्र बऱ्यापैकी सिद्ध झाला आहे. म्हणून वेदनेसाठी अवश्य या. छातीत दुखत असेल तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालय गाठा. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या सुयांच्या भरवशावर बंद करू नका.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकासह चीनला गेले, त्यातीलच डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे तेथे ही विद्या शिकून कलकत्त्यास आणली. महाराष्ट्रात तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे.

एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. पर्युषणात एका आजींच्या गुडघ्याला मी सुया लावल्या. पाचच मिनिटांत त्यांना घाम फुटला, भोवळ आली. अठ्ठाईचा सहावा उपवास होता. सुया काढल्या, पाय उंच करून निजविले. सूर्यास्त झालेला, त्या उकाळलेले पाणीही घेईनात. सावरेपर्यंतची ती पंधरा मिनिटे मी विसरलेलो नाही. अति भुकेल्यास सुई टोचू नये, असे प्राचीन चिनी ग्रंथही सांगतात. ते मला ठाऊक होते. मी विचारले नव्हते, एवढेच.

तेव्हापासून केसपेपरवर पहिला प्रश्न असतो : आज उपवास आहे का? तपस्वींनी पारणे झाल्यानंतर, दोन-तीन दिवस नीट आहार घेऊन यावे. गुडघा तेवढे थांबतो. सुया एकदाच वापरण्याच्या असतात. पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही, ते जरूर पाहावे.

जय जिनेंद्र.