एकट्याने शहर निवडताना
(नंदुरबार जिल्ह्यातील बौद्ध तरुण-तरुणी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या ह्या जिल्ह्यातून दरवर्षी अनेक तरुण मुलेमुली घर सोडून बाहेर पडतात. कोणी सुरतेस जातो, कोणी धुळ्यास, कोणी नाशकास, तर कोणी थेट पुण्यास. परंतु आपण नेमके त्याच शहरी का जात आहोत, असा प्रश्न त्यांपैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारलेला असतो. आतेभाऊ जेथे आहे तेथे जावयाचे, गाडी जेथे थांबते तेथे उतरावयाचे, हीच आजवरची रीत. लग्न न झालेल्या, एकट्या माणसाने आपले शहर विचारपूर्वक कसे निवडावे, ह्याविषयी चार शब्द बोलण्याचे मी आज योजिले आहे.

प्रथम हक्काची गोष्ट सांगतो. भारतीय संविधानाच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास देशात कोठेही संचार करण्याचा आणि कोठेही राहून स्थायिक होण्याचा अधिकार दिला आहे. ज्यांच्या वाडवडिलांची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूस असावी हे दुसऱ्यांनी ठरविले, त्यांच्या मुलांना ह्या कलमाचे मोल निराळे सांगावयास नको. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या संकुचितपणावर व अज्ञानावर कठोर टीका केली होती. खेडे सोडणे म्हणजे पळून जाणे असे जे म्हणतात, त्यांनी ते भाषण अवश्य वाचावे.

परंतु अधिकार मिळाला म्हणजे निवारा मिळाला, असे होत नाही. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण बाबासाहेबांच्याच आयुष्यात आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले. पुढे लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर ते रुजू झाले. पद मोठे होते, पगार निश्चित होता. नव्हते ते डोक्यावर छप्पर. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणे शक्य नव्हते, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ओळखीच्या दोन मित्रांनीही घरात घेतले नाही. सायंकाळपर्यंत कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांची लहानशी खोली होती, शेजारी आपली माणसे होती. त्याच खोलीच्या आधारावर ते १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. माणूस तोच, विद्वत्ता तीच. एका शहराने त्याला अकरा दिवसांत घालविले आणि दुसऱ्या शहरात तो उभा राहिला. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, नोकरी कोठे आहे हे पाहण्यापूर्वी, नोकरी सुटली तर रात्री कोठे निजता येईल, हे पाहा.

कुटुंबासह जाणारा आणि एकटा जाणारा ह्यांत भेद आहे. एकट्याला एक शहर मानवले नाही तर महिन्याभरात दुसरे धरता येते. मुलांची शाळा, बायकोचे काम ह्यांचा पाश त्याला नसतो. हे त्याचे बळ. परंतु तो तापाने फणफणला तर तांब्याभर पाणी देणारे कोणी नसते, आणि पगार थकला तर घरात दुसरा कमावता नसतो. हे त्याचे उणे. ज्या शहरात हे बळ वापरता येईल आणि हे उणे भरून निघेल, ते शहर त्याच्यासाठी चांगले.

आता आपल्यापुढची शहरे पाहू. नंदुरबार हे सुरत-जळगाव लोहमार्गावरील स्थानक. गाडीत बसले की काही तासांत सुरत येते. नाशिकला मात्र येथून सरळ लोहमार्ग नाही; एस.टी. धरावी लागते, नाहीतर जळगाव-भुसावळचा वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे खानदेशी माणसाचा ओघ पूर्वीपासून सुरतेकडे आहे. उधना, लिंबायत ह्या भागांत गेलात तर मराठी आणि अहिराणी कानांवर पडते. यंत्रमाग, साड्यांचा बाजार, हिऱ्यांचे कारखाने ह्यांमुळे तेथे हाताला काम लवकर मिळते, आणि खोलीही ओळखीने मिळते. एकट्या माणसाला ह्या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. परंतु यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी असते. ती करून उरलेल्या वेळात कोण कोणती परीक्षा देणार? ज्याला तूर्त कमवून घरी पैसे धाडावयाचे आहेत त्याने सुरत निवडावी. ज्याला शिकावयाचे आहे त्याने दहादा विचार करावा.

सुरतेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या नवापूरच्या स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात व अर्धा गुजरातेत आहे. प्रवाशाला ती सीमा जाणवतही नाही. दाखल्याला मात्र ती पक्की जाणवते. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार आहेत. महाराष्ट्रातील अनुसूचित जातीचा मनुष्य गुजरातेत राहावयास गेला, तर गुजरात राज्याच्या नोकऱ्या व शिक्षणसंस्था ह्यांतील राखीव जागांवर त्याला हक्क सांगता येत नाही, मग त्याच्या जातीचे नाव तेथील यादीत असले तरीही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० व १९९४ साली हा नियम सांगितला आणि २०१८ साली घटनापीठाने तो कायम केला. स्थलांतर केल्याने महाराष्ट्रातील हक्क बुडत नाही, आणि केंद्र सरकारच्या अखिल भारतीय भरतीतील हक्कही राहतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही तो मिळाला आहे. परंतु आपला मूळ पुरावा आपल्यापाशी असेल तरच ह्या हक्काचा उपयोग. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले कुटुंब कोठे राहत होते हे पाहिले जाते. आजोबांच्या शाळेचा उतारा, जुना सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी ही कागदपत्रे गावातच मिळतात. म्हणून गाव सोडण्यापूर्वी प्रांताधिकाऱ्यांकडून जातीचा दाखला काढा, पडताळणीची वेळ येणार असेल तर जुने पुरावे एकत्र करा आणि त्यांच्या नकला घरी ठेवून मगच गाडीत बसा. दहा वर्षांनी सुरतेहून धावत येऊन तलाठ्याच्या दारी उभे राहण्यापेक्षा हे सोपे आहे.

ज्यांना शिकावयाचे आहे, त्यांच्यापुढे महाराष्ट्रातील शहरे आहेत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढले. गावाहून एकट्याने आलेल्या आपल्या मुलांच्या किती पिढ्या तेथे घडल्या! पुण्यात ‘बार्टी’ ही संस्था आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्याने तिच्या योजनांची माहिती घ्यावी. समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. तीत शहराच्या दर्जाप्रमाणे रक्कम ठरते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी आरंभी ती वर्षाला ६०,००० रुपये होती. परंतु हा पैसा पहिल्या दिवशी हातात पडत नाही. पुण्याची खोली, तिची अनामत रक्कम आणि खाणावळ ह्यांची बेरीज आधी कागदावर करा. बेरीज जुळत नसेल तर धुळे किंवा जळगाव पत्करण्यात काहीच कमीपणा नाही. लहान शहरात पूर्ण केलेली पदवी ही मोठ्या शहरात सोडून दिलेल्या पदवीपेक्षा श्रेष्ठ होय.

घराविषयी एक स्पष्ट बोलतो. शहरात जात विचारीत नाहीत, असा एक भ्रम आहे. शहरात ती निराळ्या रीतीने विचारतात: आडनाव काय, गाव कोणते, मांसाहार करता का, भिंतीवर तसबीर कोणाची लावणार? म्हणून नव्या शहरात पहिले बिऱ्हाड अशा वस्तीत करावे की जेथे नाव लपवावे लागणार नाही. जवळच्या विहारात जा, तेथे आपली ओळख द्या. खोली, डॉक्टर आणि काम ह्या तिहींची खरी माहिती तेथे मिळते. परंतु कायम त्याच गल्लीत राहावयाचे असेही नव्हे. पाय रोवल्यावर इतर समाजाच्या वस्तीतही ताठ मानेने घर घ्यावे. मात्र करार लेखी हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा करार लेखी करून नोंदविणे सक्तीचे आहे, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. तोंडी बोलीवर अनामत देऊ नका.

आता पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, विनंती आहे. मुलगा एकटा सुरतेस गेला तर आपण त्याला धाडसी म्हणतो. मुलगी एकटी नाशकास जाऊ म्हणाली तर तिचे लग्न उरकण्याच्या मागे लागतो. समतेचा धम्म घेतलेल्या घरात ही दोन मापे कशी चालतील? तिच्यासाठी शहर निवडताना प्रश्न थोडे वाढतात, एवढेच. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या साहाय्याने वसतिगृहे काढण्याची योजना १९७२-७३ पासून आहे. तसे वसतिगृह त्या शहरी आहे काय? पाळी रात्री सुटत असेल तर परतण्यासाठी बस आहे काय? दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असलीच पाहिजे, असे २०१३ चा कायदा सांगतो. ती तेथे आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे तिने स्वतः शोधावीत आणि निर्णयही तिनेच घ्यावा. आपण तिच्या पाठीशी उभे राहावे.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, मनात भरलेल्या शहरात आधी आठ दिवस राहून या. बाजारात भाजीचा भाव विचारा, सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी पाहा, सरकारी दवाखाना शोधा. दुसरी, तीन महिन्यांचे भाडे व जेवण भागेल इतका पैसा गाठीशी असल्यावाचून निघू नका, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे बांधून ठेवा. परतीचा पैसा ज्याच्या खिशात आहे, तो मालकापुढे वाकत नाही. तिसरी, तेथे स्थिरावलात की मतदार यादीत नाव त्या पत्त्यावर घ्या. ज्या वस्तीला मते नाहीत तिच्या नळाला पाणीही नसते. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिका आता देशात कोणत्याही रास्त भाव दुकानी चालते, हेही ध्यानात असू द्या. चौथी, एक वर्षाने स्वतःचा हिशेब घ्या: शिल्लक किती पडली, नवे काय शिकलो, अडीअडचणीला हाक मारावी अशी माणसे किती झाली? तिन्हींचे उत्तर शून्य आले, तर शहर बदला. त्यात लाज कसली?

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत खालची होती. त्यामुळे येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या मुलाकडे व मुलीकडे मागे राहिलेल्या भावंडांचे डोळे लागलेले असतात. तुम्ही ज्या शहरी जाल तेथील खोलीचा पत्ता, वसतिगृहाच्या अर्जाची तारीख, चांगल्या-वाईट मालकांची माहिती वस्तीला कळवीत जा. आज तुम्ही एकटे जात आहात. तुमच्यामागून येणाऱ्याला तितके एकटे यावे लागू नये, एवढे तुमच्या हाती आहे.

जय भीम.