शिडीची लिपी



या व्यासपीठावरून आपण संतांविषयी ऐकता, इतिहासाविषयी ऐकता. आज आम्ही कारखान्यातल्या पत्र्याच्या कपाटाविषयी बोलणार आहोत. पण सकाळी दारात पडणारी दुधाची पिशवी, नळाला येणारे पाणी, उसाच्या हंगामात रात्रंदिवस फिरणारा साखर कारखाना, यांमागे हल्ली बहुधा असे एखादे कपाट उभे असते आणि त्यात पीएलसी नावाचा एक पेटीएवढा नियंत्रक बसलेला असतो. त्याला काम सांगण्याची लिपी म्हणजे 'लॅडर', आपल्या भाषेत शिडी. मुलाने डिप्लोमा केला, आता त्याला पीएलसीच्या क्लासला घालावे काय, असे पालक आम्हांस विचारतात. वीस वर्षे पॅनेल भरणारा वायरमन विचारतो, 'साहेब, हे संगणकाचे काम आम्हाला जमेल का?' दोघांचे उत्तर या लिपीच्या जन्मकथेतच आहे.

पूर्वी यंत्र आपोआप चालवायचे म्हणजे रिले लागत. रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका. गुंडाळीत वीज आली की लोखंडी जीभ ओढली जाते आणि दुसऱ्या मंडलातला संपर्क जुळतो किंवा तुटतो. मोठ्या मोटार कारखान्यात अशा रिलेंच्या भिंतीच्या भिंती असत. मोटारीचे मॉडेल बदलले की वायरी उपसून पुन्हा जोडाव्या लागत. या त्रासाला कंटाळून अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने 1968 साली रिलेऐवजी काही इलेक्ट्रॉनिक साधन द्या, अशी मागणी काढली. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या मंडळीने, त्यांत डिक मोर्ले हे प्रमुख, जे यंत्र बनवले ते त्यांचे चौऱ्याऐंशीवे काम होते, म्हणून त्याचे नाव 'मोडिकॉन 084'.

या मंडळींचे शहाणपण आम्हांस यंत्रापेक्षा लिपीत अधिक दिसते. कारखान्यातला इलेक्ट्रिशियन रिलेचे नकाशे रोज वाचत होता. त्याला नवी भाषा शिकवण्याऐवजी त्यांनी त्याचा नकाशाच पडद्यावर आणला. म्हणजे ही लिपी मुळात वायरमनसाठीच केलेली आहे. तिला भिण्याचे कारण त्याला सर्वांत कमी!

आता शिडी कशी दिसते ते पाहू. दोन उभ्या रेघा, डावीकडची विजेची आणि उजवीकडची परतीची. त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी, म्हणजे संपर्क, आणि उजव्या टोकाला परिणाम, म्हणजे गुंडाळी अथवा कॉइल. अटी एकापुढे एक असल्या तर 'आणि', एकाखाली एक असल्या तर 'किंवा'. व्याकरण बहुतेक एवढेच.

उदाहरण आपल्या गच्चीवरचेच घ्या. खाली हौद, वर टाकी, मध्ये पंप. टाकीतले पाणी खालच्या फ्लोटखाली गेले की पंप सुरू व्हावा आणि वरच्या फ्लोटपर्यंत चालत राहावा. पायरीवर पहिली अट खालच्या फ्लोटची. पण पाणी चार बोटे चढताच ती अट सुटेल आणि पंप थांबेल. म्हणून तिच्या खाली, 'किंवा' म्हणून, पंपाचाच एक संपर्क लावायचा. पंप एकदा सुरू झाला की तो स्वतःलाच धरून ठेवतो. याला कारागीर 'होल्डिंग' म्हणतात. पुढे ओळीने तीन अटी: वरची टाकी भरलेली नसावी, हौदात पाणी असावे, ओव्हरलोड पडलेला नसावा. यांतली एक सुटली की धरलेला हात सुटतो.

या होल्डिंगचा एक गुण असा की वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपण होऊन सुरू होत नाही. पंपाच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही. पण प्रेसमध्ये अडकलेला तुकडा काढायला, वीज गेली आहे अशा समजुतीने, कोणी हात घातला असेल तर? याच लिपीत 'सेट' आणि 'रीसेट' अशा दुसऱ्या प्रकारच्याही कॉइल्स असतात. त्यांची स्मृती वीज गेल्यावरही टिकेल अशी योजना करता येते. नवशिक्याला त्या सोप्या वाटतात, कारण होल्डिंगची जास्तीची रेघ वाचते. ती रेघ कोणाची बोटे वाचवीत होती, हे त्याला कोणी सांगत नाही.

तारांची शिडी आणि पडद्यावरची शिडी यांत एक भेद आहे. तारांच्या शिडीत सर्व पायऱ्या एकाच वेळी जिवंत असतात. पीएलसी मात्र पोथी वाचल्याप्रमाणे वाचतो. आधी सगळ्या बटणांची आणि फ्लोटांची स्थिती टिपून घेतो, मग वरून खाली एकेक पायरी सोडवतो, शेवटी निकाल बाहेर पाठवतो आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. हे सारे काही मिलिसेकंदांत. म्हणून एकच कॉइल दोन पायऱ्यांवर लिहिली, तर सामान्यतः खालच्या पायरीचा शब्द अखेरचा ठरतो आणि वरची पायरी बरोबर असूनही मोटार हलत नाही. नवशिक्यांची कितीतरी दुपार या एका गोष्टीत जाते.

आता सॉफ्टवेअर. पुष्कळ कंपन्यांचे सॉफ्टवेअर त्यांच्याच नियंत्रकांपुरते असते आणि त्याला पैसेही बरेच पडतात. परंतु 1993 साली या भाषांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले आणि शिडी त्यांतली एक. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे वाया जात नाही. जर्मनीचे कोडेसिस विनामूल्य उतरवून घेता येते. ओपनपीएलसी तर सर्वांना खुले आहे. नवा प्रकल्प उघडा, नियंत्रक निवडा, प्रत्येक बटणाला नाव द्या आणि पायरी मांडा. नावे 'क्ष एक, क्ष दोन' अशी नकोत. 'वरचा_फ्लोट' याच अर्थाचे नाव रोमन लिपीत द्या. कोडेसिसमध्ये सिम्युलेशन म्हणून सोय आहे. नियंत्रक विकत न घेता पडद्यावरच फ्लोट वर-खाली करून पंप पाहता येतो. पहिला महिना एवढ्यावर निघतो. त्याआधी वहीत पेन्सिलीने शिडी काढावी, असा आमचा आग्रह आहे.

काही क्लासवाले कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून चोरीची प्रत देतात. 2010 साली उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा विषाणू पेनड्राइव्हमधूनच पसरत होता आणि सीमेन्सच्या अशाच सॉफ्टवेअरमध्ये शिरून नियंत्रकाचा कार्यक्रम बदलत होता. फुकटात रीतसर मिळत असता चोरीचे घेण्यात कसली बचत?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, थांबण्याचे बटण. स्टॉप बटणाचा संपर्क मुळात जोडलेला असतो, दाबल्यावर तुटतो. हे मुद्दाम. त्याची तार उंदराने कुरतडली तरी नियंत्रकाला 'तुटले' एवढेच कळते आणि तो यंत्र थांबवतो. उलट जोडणी केली, तर तार तुटल्याचे कोणाला कळणारच नाही, आणि कळेल ते नेमके बटण दाबण्याच्या घटकेला.

येथे नवशिका गोंधळतो. बाहेर बटण बंद संपर्काचे, म्हणून तो शिडीतही बंद संपर्काची खूण काढतो. यंत्र सुरूच होत नाही. पडद्यावरच्या खुणा म्हणजे तारा नव्हेत, ते प्रश्न आहेत. उघड्या खुणेचा प्रश्न, 'येथे वीज येत आहे ना?' बंद खुणेचा प्रश्न, 'येथे वीज येत नाही ना?' स्टॉप दाबलेले नसताना वीज येतच असते, म्हणून शिडीत उघडी खूणच हवी. हे न उमजलेला माणूस शिडी तशीच ठेवून बाहेरचे बटण बदलतो. यंत्र लगेच चालू लागते, सारे खूश होतात, आणि त्या दिवसापासून त्या यंत्राचा थांबा एका तारेच्या भरवशावर लोंबकळत असतो.

तांबडे मश्रूम बटण, म्हणजे आणीबाणीचा थांबा, हा तर नुसत्या साध्या पीएलसीच्या शिडीवर कधीच सोडू नये. त्याने सेफ्टी रिलेमार्फत कॉन्टॅक्टरची वीजच तोडली पाहिजे. कार्यक्रमाला त्याची फक्त वार्ता द्यावी.

राहिली एक लहान सूचना. काम पुरे झाले की शिडीची छापील प्रत, तारीख घालून, पॅनेलच्या दाराला आतून जो खिसा असतो त्यात ठेवावी आणि बदल झाला की ती बदलावी. रात्रपाळीच्या वायरमनला दोन वाजता हाताशी असते ती तीच.